‘भावाची गाडी’ : जुनी मस्टँग घेताना झालेली फसवणूक

विकणारा गाडीची फार तारीफ करत बसला असता, तर संशय तरी आला असता. हा माणूस उलटा होता. साठीचा, मवाळ बोलणारा, पेनसिल्व्हेनियातल्या एका शांत वस्तीत राहणारा. “भावाची गाडी. तो गेला. मला यातलं काही कळत नाही,” हे त्याचं पहिलं वाक्य, आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर. इंजिन शेवटचं कधी उघडलं? भावाला माहीत. खालचा पत्रा कधी बदलला? भावालाच ठाऊक. मेलेल्या माणसाची उलटतपासणी कोण घेणार?

गाडी १९६७ची फोर्ड मस्टँग, फास्टबॅक, म्हणजे छप्पर मागे डिकीपर्यंत उतरत गेलेलं. जाहिरातीत लिहिलं होतं : २८९ घनइंचांचं मूळ व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, चार बॅरलचा, म्हणजे हवा ओढणाऱ्या चार तोंडांचा कार्ब्युरेटर, फक्त ४८,००० मैल, न्यू जर्सीत बनलेली. आम्ही न्यू जर्सीतच, एडिसनला राहतो. फोर्डचा मेटचन कारखाना इथेच, रूट १वर होता. २००४ साली तो बंद पडला, मग पाडला, आता तिथे दुकानं आहेत. एडिसन हे नाव ऐकल्याबरोबर त्याने भाव धरून ठेवला. एकतीस हजार डॉलर, तेही रोख, कारण म्हणे ‘इस्टेटीचं प्रकरण’.

मैलांचं आधी सांगून टाकतो. त्या मस्टँगचं ओडोमीटर पाच आकडी असतं. ९९,९९९ झाले की परत शून्यावर. त्यामुळे ४८,००० म्हणजे १,४८,०००ही असू शकतात. त्या आकड्याचे पैसे कोणी मागितले तर हसून सोडून द्या.

खरी कारागिरी नंबरात होती, म्हणजे कारखान्याने गाडीला दिलेल्या ओळख क्रमांकात. गाड्यांना सतरा अक्षरी नंबर आला १९८१पासून. नंबर टाकला की गाडीची कुंडली सांगणाऱ्या सेवा त्या आधीच्या गाड्यांना उपयोगाच्या नाहीत. १९६७च्या मस्टँगचा नंबर अकरा अक्षरांचा असतो, पण वाचता आला तर पुष्कळ बोलतो. ७ म्हणजे १९६७. टी म्हणजे मेटचन. ०२ म्हणजे फास्टबॅक (साध्या छपराच्या गाडीला ०१, उघड्या टपाच्या गाडीला ०३). पाचवं अक्षर इंजिनाचं : सी म्हणजे दोन बॅरलचं २८९, ए म्हणजे चार बॅरलचं, के म्हणजे त्यातलं सगळ्यात जोरकस, एस म्हणजे ३९० घनइंचांचं. आणि टी म्हणजे २०० घनइंचांचं सहा सिलिंडरचं साधं इंजिन. त्यानंतर सहा आकडी क्रमांक.

ड्रायव्हरच्या दारावरच्या पाटीवर होतं ७टी०२ए. टायटलवर, म्हणजे मालकीच्या सरकारी कागदावर, ७टी०२टी. हे मी त्याला तिथेच विचारलं. तो म्हणाला, “कारखान्याचाही टी, त्यामुळे टायपिस्टकडून दोनदा पडला असणार. भाऊ नेहमी सांगायचा.” उत्तर इतकं तयार होतं, की हा प्रश्न त्याला माझ्याआधी बऱ्याच जणांनी विचारला असणार.

दारावरची पाटी नवी करून मिळते, हव्या त्या अक्षरांची. हा उघड धंदा आहे, कारण खऱ्या गाड्यांच्या पाट्याही हरवतात, झिजतात. पाटीवर भरवसा ठेवायचा नाही. खरा नंबर बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्याच्या वरच्या कडेवर ठोकलेला असतो, आणि मडगार्डला ठेवलेल्या खाचेतून तो वाचता येतो. या गाडीचं ते मडगार्ड नवं होतं आणि त्याला खाचच नव्हती. ‘भावाने’ अपघातानंतर बदललं होतं.

घरी आणल्यावर पहिलं काम ब्रेकचं काढलं. पुढच्या चाकांना डिस्क बसवायच्या, म्हणून व्ही-८चा पाच नटांचा किट मागवून ठेवला होता. चाकांवर चकचकीत, पूर्ण झाकणाऱ्या कॅप होत्या. त्या उचकटल्या तर चारही चाकांना चार-चार नट. फोर्डने व्ही-८ मस्टँगला पाच नट दिले, सहा सिलिंडरवालीला चार. सगळं तिथेच उघडं पडलं. पुढचे ब्रेक-ड्रम नऊ इंची, व्ही-८ला दहा इंची असतात. मागचा ॲक्सलही सहा सिलिंडरवालीचाच, बारीक. म्हणजे हलक्या गाडीच्या ब्रेकवर जड, ताकदवान इंजिन चढवलेलं, आणि ती मी इंटरस्टेट २८७वरून चालवत आणली होती. पैशाचं दुःख बाजूला ठेवा, या गोष्टीचा राग अजून जात नाही.

मग मडगार्डचे बोल्ट सोडले. आतल्या पत्र्यावर स्वच्छ ठोकलेलं : ७टी०२टी. टायपिस्ट बिचारी निर्दोष होती.

इंजिन तरी २८९ असेल, ही आशा वायरब्रशने संपवली. फोर्डच्या ओतीव भागांच्या नंबरात पहिलं अक्षर दशकाचं आणि पुढचा आकडा वर्षाचा : सी म्हणजे साठचं दशक, डी म्हणजे सत्तरचं. माझ्या इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे मुख्य ओतीव सांगाड्यावर, स्टार्टरच्या वर, ताज्या निळ्या रंगाखाली ‘डी८’ निघालं. १९७८चं डिझाइन, ३०२ घनइंचांच्या इंजिनाचा ब्लॉक. गाडीपेक्षा इंजिन निदान अकरा वर्षांनी लहान!

पत्र्याची गोष्ट सगळ्यात खर्चिक. दारं आणि मडगार्डं मी घेतानाच चुंबक लावून पाहिली होती, ती ठीक होती. पुट्टी होती तिथे चुंबक पोचत नव्हतं. खालून डांबरासारखं काळं अंडरकोटिंग नुकतंच मारलेलं, वर नवं कार्पेट. अंडरकोटिंग खरवडलं तर खाली फायबरग्लासची कापडं चिकटवलेली आणि मधे गंजाचा चुरा. मूळ दुखणं त्याच्याही वर. विंडशील्डच्या पुढे, वायपरजवळ हवेची जाळी असते. तिच्या खाली दोन पत्र्यांची बंद पन्हळ असते, तिला काउल म्हणतात. त्या काळच्या मस्टँगचा हा जगजाहीर आजार : पानं साचतात, पाणी तुंबतं, पत्रा आतून सडतो आणि पाणी थेट पायाखाली येतं. दुरुस्त करायचं तर ढिगाने स्पॉट वेल्ड ड्रिलने कापून वरचा पत्रा उचलावा लागतो. तपासायला मात्र दोन मिनिटं लागतात : जाळीतून पाणी ओतायचं आणि डॅशबोर्डखाली हात घालून बघायचं. त्याच्याकडे मी पाणी मागितलं होतं. “बाहेरचा नळ थंडीसाठी बंद केलाय.” भर एप्रिलात.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा कळलं की तो कागदोपत्री अस्तित्वातच नव्हता. टायटल तिसऱ्याच राज्यातलं, एका बाईच्या नावाचं, तिने सही केलेलं, घेणाऱ्याचं नाव कोरं. ‘भावाने तिच्याकडून घेतली, नावावर करायची राहिली.’ याला इथे टायटल जंपिंग म्हणतात : मधला माणूस गाडी स्वतःच्या नावावर करतच नाही, त्यामुळे कर चुकतो आणि जबाबदारीही. परवाना न काढता धंदा करणाऱ्यांना कर्बस्टोनर म्हणतात आणि हा त्यांचाच खाक्या. भाऊ खरंच वारला असता, तर गाडी विकण्याचा अधिकार दाखवणारा वारसाचा कागद लागला असता. वकिलाने पहिला प्रश्न तोच विचारला, दुसरा पावतीचा. पोलिसांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दिवाणी मामला म्हणून सोडून दिलं. खाजगी विक्रीत ‘आहे तशी’ घेतलेल्या गाडीला लेमन लॉचाही (सदोष गाडी घेणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या कायद्याचा) आधार नाही.

पुढे त्याच माणसाच्या गॅरेजच्या दारापुढे उभ्या असलेल्या एका शेव्हरोले कॅमारोची जाहिरात दिसली. या वेळी मेव्हणा गेला होता.

एक गोष्ट मात्र पैसे देण्याआधी करता येते आणि तिला विकणाऱ्याची परवानगी लागत नाही. फोर्डच्या १९६७पासूनच्या उत्पादनाच्या नोंदी मार्टी ऑटो वर्क्स या कंपनीकडे अधिकृत परवान्याने आहेत. नंबर दिला की ती गाडी कारखान्यातून कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, कुठला रंग घेऊन निघाली याचा अहवाल मिळतो. माझ्या गाडीचा अहवाल आला : सहा सिलिंडर. टायटलवरचा आणि पाटीवरचा नंबर वेगळा असेल, तर दोन्ही पाठवा. विकणारा नंबरच द्यायला कां-कूं करत असेल, तर पेट्रोल जाळून जायचीही गरज नाही.

गाडी मी ठेवली आहे. जाड ॲक्सल आणि पाच नटांची चाकं बसली, पुढे डिस्क लागल्या, काउलचं वेल्डिंग चालू आहे. ३०२चा ब्लॉक काही वाईट नाही, फक्त तो २८९च्या भावात घ्यायचा नसतो.

एडिसनच्या आसपास कोणी अशी गाडी बघायला जाणार असेल, तर शनिवार-रविवारी मी बरोबर येईन. चुंबक, टॉर्च आणि चाकाच्या कॅप उचकटायची पट्टी माझ्याकडे आहे. पाण्याचा कॅनही घेऊन येईन.