क्लासिक गाडीसाठी आवाज व उष्णतारोधन : ब्यूटिल, डांबर, व्हिनाइल, नमदा की फोम?

जुन्या गाडीच्या सीट, कार्पेट आणि दारांची आतली आवरणे एकदा उतरवली की आवाज आणि उष्णता रोखण्याचे काम त्याच टप्प्यावर उरकावे, हे उघड आहे. अडचण येते ती सामग्री निवडताना. ‘साउंडप्रूफिंग’ या एकाच नावाखाली विकले जाणारे हे प्रकार प्रत्यक्षात चार निराळी कामे करतात : पत्र्याचे कंपन शमवणे, बाहेरचा आवाज अडवणे, आत शिरलेला आवाज शोषणे आणि उष्णता रोखणे. यांपैकी एकही प्रकार चारही कामे नीट करत नाही, त्यामुळे केवळ जाडी आणि किंमत पाहून केलेली तुलना दिशाभूल करते. जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक निकष येतो, आणि माझ्या मते तोच पहिला असावा : ही सामग्री ओलीशी कशी वागते?

कंपन शमवण्यासाठी ब्यूटिल रबर आणि डांबर हे दोन पर्याय आहेत. ब्यूटिलच्या चिकट पट्टीवर अॅल्युमिनियमचा थर असतो. पत्रा थरथरला की पत्रा आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये ब्यूटिल ताणले जाते आणि कंपनाची ऊर्जा किंचित उष्णतेत बदलते. डांबराच्या पट्ट्या हेच काम मुख्यतः स्वतःच्या जाडीने करतात. कारखान्यात त्या फ्लोअरवर ठेवून रंगाच्या भट्टीतच वितळवून बसवल्या जात; घरी किंवा गॅरेजमध्ये त्यांना हीट गनने मऊ करावे लागते. डांबर स्वस्त पडते, पण थंडीत कडक होऊन तडकते, उन्हात मऊ पडते आणि बंद गाडीत त्याचा वास रेंगाळतो. सपाट फ्लोअरवर ते चालून जाईल. छताला आणि दारांना ते लावू नये, कारण उन्हात तापलेल्या पत्र्यावरून ते सुटू लागते. कारखान्यात बसवलेले मूळ डांबर शाबूत आणि घट्ट असेल, तर ते उगाच खरवडू नये. ते कुठे फुगले किंवा सुटले असेल, तर खालचा पत्रा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ब्यूटिल संपूर्ण पत्रा झाकेल असे लावण्याची पद्धत रूढ आहे, पण ती बहुधा अनावश्यक असते. कंपन पत्र्याच्या मोकळ्या, सपाट मध्यभागी सर्वाधिक असते. तिथे पत्र्याच्या एकूण क्षेत्राचा 25 ते 50 टक्के भाग झाकला तरी फायद्याचा मोठा वाटा पदरात पडतो. बोटाने टिचकी मारून पाहावी : पत्रा घणघणला तर पट्टी हवी, आवाज बद्द आला तर नको. उरलेल्या जागी आणखी ब्यूटिल लावल्याने वजन वाढते, आणि पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली तर ते खरवडण्याचे कष्टही वाढतात.

बाहेरचा आवाज अडवायला वस्तुमानच लागते. त्यासाठी असलेले जड व्हिनाइल सामान्यतः चौरस मीटरला सुमारे 5 किलो भरते, म्हणजे 4 चौरस मीटरसाठी 20 किलो. आडोशाचे वस्तुमान दुप्पट केले की तत्त्वतः सुमारे 6 डेसिबलचा फायदा होतो. म्हणूनच पातळ आणि हलका थर ‘आवाज अडवतो’ हा दावा मान्य करू नये. मात्र व्हिनाइलच्या दोन अटी आहेत. ते पत्र्याला थेट न चिकटवता मध्ये फोमचा थर द्यावा लागतो, आणि ते अखंड असावे लागते. आडोशाच्या क्षेत्रफळाच्या केवळ 1 टक्का जागा उघडी राहिली, तरी एकूण आवाजरोध 20 डेसिबलच्या पुढे जाऊ शकत नाही. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून, जाणाऱ्या वायरी, पेडल आणि स्टिअरिंगचा दांडा यांभोवतीची भोके उघडी असतील, तर महागडे व्हिनाइल घालूनही हाती थोडेच लागते. भोकांत बसणारी नवी रबरी कडी (ग्रोमेट) आणि दारांचे नवे रबर बीडिंग यांवरचा खर्च म्हणूनच सर्वांत आधी करावा.

नमदा आणि फोम यांच्यातली निवड मात्र खरोखर विचार करण्यासारखी आहे. ज्यूट किंवा सुताचे तंतू दाबून केलेला नमदा हा अनेक जुन्या गाड्यांचा मूळ थर. तो वरच्या पट्टीतला आवाज चांगला शोषतो, कार्पेटखाली मऊ बसतो, गोंदाशिवाय ठेवता येतो आणि मूळ स्वरूप जपणाऱ्यांना तोच हवा असतो. क्लोज्ड सेल फोम (ज्याची छिद्रे एकमेकांपासून बंद असतात) आवाज फारसा शोषत नाही, पण उष्णता उत्तम रोखतो आणि पाणी पीत नाही. कोरडे असताना दोघांची उष्णतावाहकता जवळपास सारखी, 0.04 वॅट प्रति मीटर केल्विनच्या आसपास असते. पाण्याची सुमारे 0.6 असते. त्यामुळे भिजलेला नमदा उष्णता रोखत नाही आणि वर ती ओल महिनोन्महिने पत्र्याला धरून ठेवतो. जुन्या गाडीत पाणी काचेच्या रबरातून, वायपरच्या बुडातून, हीटरच्या गळक्या नळीतून येतच असते. म्हणून गाडी रोज किंवा पावसात चालणार असेल तर फ्लोअरवर फोम घालावा. नमदा फक्त कोरड्या गॅरेजमध्ये राहणाऱ्या, गळती थांबवलेल्या गाडीत आणि तोही सुटा ठेवावा. पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम तंतूंची गादी हा मधला मार्ग आहे : ती आवाज शोषते आणि तिचे तंतू पाणी पीत नाहीत. दारांच्या व मागच्या बाजूंच्या आवरणांआड मला तीच सर्वांत योग्य वाटते. फोम घातला तरी कडांखालून पाणी शिरू शकते, त्यामुळे तोही पूर्ण चिकटवून न टाकता उचलता येईल असा ठेवलेला बरा.

चकाकत्या फॉइलबाबत एवढेच, की तिच्यासमोर हवेची पोकळी असेल तरच ती उष्णता परावर्तित करते. पत्रा आणि कार्पेट यांच्यात दाबून बसवली की ती केवळ धातूचा पातळ पत्रा उरते. सायलेन्सरच्या वर, पोकळी राखून, गाडीच्या खालून लावलेला उष्णतारोधक पत्रा अधिक उपयोगी पडतो.

अंतिम निवड गाडीच्या रचनेनुसार बदलते. फोक्सवॅगन बीटलचे इंजिन मागे असल्याने तिथे खर्च मागच्या सीटच्या पाठीमागील पत्र्यावर करावा. जुन्या सीरिज लँड रोव्हरमध्ये गिअरबॉक्सच्या कामासाठी पुढचे फ्लोअर आणि गिअरबॉक्सवरचे मधले आवरण (बोगदा) बोल्ट काढून उचलावे लागतात. तिथे सांध्यांवरून चिकटवलेले काहीही पुढच्या दुरुस्तीत फाडावे लागेल, त्यामुळे फोम आणि व्हिनाइलच्या सुट्या चटया हाच योग्य पर्याय. पक्क्या छताच्या बंद गाडीत (सलून) छताच्या मध्यभागी ब्यूटिलचे मोजके तुकडे आणि त्यावर पातळ फोम दिला की पावसाचा ताशा आणि उन्हाचा ताव दोन्ही कमी होतात.

घरबांधणीत वापरला जाणारा फुगणारा स्प्रे फोम मात्र दारांच्या किंवा सिलच्या (दाराखालच्या पोकळ पट्टीच्या) पोकळीत कधीही भरू नये. तो ओल अडकवून ठेवतो आणि पत्रा आतून गंजतो. दारांच्या तळाशी असलेली पाणी निचऱ्याची भोके कोणत्याही सामग्रीने झाकली जाणार नाहीत, हे पाहावे. इंजिनाजवळ लावायच्या मालाच्या ज्वलनशीलतेची चाचणी झाली आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. गाडीच्या आतील सामग्रीसाठीच्या अमेरिकी वाहन सुरक्षा मानक 302 मध्ये ज्वाला पसरण्याची मर्यादा मिनिटाला 102 मिलिमीटर आहे. काही जुन्या गाड्यांच्या बॉनेट व फायरवॉलच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून असे अस्तर कोरडे खरवडण्याआधी त्याची तपासणी करून घ्यावी.