लेबलचे पैसे दिले, हक्क मात्र चित्रकाराकडेच राहिले

लातूर जिल्ह्यातल्या एका महिला बचत गटाने शेंगदाणा चटणीच्या पाकिटासाठी चित्र काढून घेतलं. उखळात दाणे कुटणारी बाई, मनगटात हिरव्या बांगड्या, मागे ज्वारीचं रान. चित्रकाराला 12,000 रुपये दिले, बिलावर फक्त ‘डिझाईन चार्जेस’. पाकिटाच्या छपाईला रंगागणिक एक सिलिंडर, म्हणजे चित्र कोरलेला धातूचा रूळ, लागतो. तेही बनले, माल बाजारात गेला.

पुढे लेबलची कॉपीराइट नोंदणी करायला घेतली, तर चित्रकाराची ना-हरकत मागितली गेली. अर्जदार एक आणि चित्र काढणारा दुसरा असला की ती लागतेच. चित्रकाराने त्या एका सहीचे 40,000 सांगितले. तोवर तेच चित्र, लुगड्याचा रंग बदलून, नांदेडच्या एका मसाल्याच्या पाकिटावर आलंही होतं. सिलिंडर बनले की चित्र बदलणं परवडत नाही, हे अशा लोकांना पक्कं ठाऊक असतं.

बायकांच्या कष्टाच्या पैशावर मारलेला हा डल्ला आहे. तरी कागदावर गटाची बाजू लंगडी पडते. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 प्रमाणे चित्राचा पहिला मालक ते काढणारा. पगारी नोकराने नोकरीचं काम म्हणून काढलं तर हक्क नोकरी देणाऱ्याचा. पैसे मोजून काढून घेतलेला फोटो, पेंटिंग, व्यक्तिचित्र किंवा कोरीवकाम असेल आणि उलट करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याचा. मात्र कॉम्प्युटरवर केलेलं लेबल किंवा लोगो या अपवादात बसतो का, यावरच वाद घातला जातो. त्या वादात सीझन निघून जातो.

म्हणून ॲडव्हान्स देण्याआधीच हक्क हस्तांतरणाचा करार करा. अजून न काढलेल्या चित्राचाही तो करता येतो. कलम 19 प्रमाणे करार लेखी हवा आणि त्यावर चित्रकाराची सही हवी. व्हॉट्सॲपवरच्या ‘आता तुमचंच आहे ताई’वर भिस्त ठेवू नका. नोटरीच्या शिक्क्यापेक्षा आतला मजकूर बघा. कोणतं चित्र, कोणकोणते हक्क, किती मोबदला, किती मुदत, कोणता प्रदेश, हे सगळं त्यात यायला पाहिजे. मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आखातात चटणी पाठवायची असेल तर ‘संपूर्ण जग’ लिहून घ्या. आणखी एक खाच आहे: मिळालेला हक्क 1 वर्षात वापरला नाही आणि करारात वेगळं काही नसलं, तर तो परत जातो. ‘न वापरल्याने हक्क संपणार नाही’ हे वाक्य टाकायला सांगा.

करारासोबतच ना-हरकतीवरही सही घ्या. शेवटचा हप्ता ओपन फाईल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाईल (कोरलड्रॉची सीडीआर किंवा इलस्ट्रेटरची एआय), हातात आल्यावरच द्या. जेपीजीवरून सिलिंडरचं काम नीट होत नाही. चित्र त्याने स्वतः काढलंय, कुठून उचललेलं नाही, आणि तसं निघालं तर भरपाई तो देईल, हेही लिहून घ्या. तेच चित्र आधी कुठे आहे का, हे गूगल लेन्सवर टाकून बघणं एका मिनिटाचं काम आहे, ते टाळू नका.

मालावर वापरायच्या चित्राची नोंदणी फी 2,000 रुपये आहे, आणि आधी ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध-दाखला (असंच चिन्ह दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही याचा) लागतो. डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळाल्यावर हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. हक्क विकत घेतला तरी हे चित्र आपलं आहे असं सांगण्याचा आणि चित्राची मोडतोड न होऊ देण्याचा अधिकार कलम 57 खाली चित्रकाराकडेच राहतो. त्यामुळे कोणते बदल चालतील ते आधीच ठरवा. प्रामाणिक चित्रकारालाही तेच सोयीचं पडतं.

आधीच अडकला असाल तर तोंडी तडजोडीवर एक रुपयाही देऊ नका. रक्कम ठरली तर करार, ना-हरकत आणि ‘हे चित्र आणखी कुणाकुणाला दिलं’ याचा लेखी खुलासा, तिन्ही एकाच बैठकीत घ्या आणि पैसे बँकेतून द्या. हक्क नावावर आला की चित्र उचलणाऱ्यावर कलम 62 प्रमाणे आपण राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. समोरचा पुण्या-मुंबईचा असला तरी लातूर सोडावं लागत नाही.