एमएमए: ट्रॅक फाइलमध्ये बंद करावा की कमांडवर?

कॉर्ड लिहून दिल्या की एमएमए हा पायथनमधला प्रोग्रॅम मिडी साथ (कोणत्या वाद्याने कोणते सूर कधी वाजवायचे ते सांगणारी फाइल) तयार करतो. आता बास स्वतः वाजवायचा आहे, तर त्याच्या साथीतला बासचा ट्रॅक, म्हणजे त्या वाद्याचा भाग, काढायचा कसा?

गाण्याच्या फाइलमध्ये 'बास ऑफ' लिहिता येतं. सोपं आहे, पण सराव संपल्यावर ती ओळ काढायची आठवण कोणाला राहते?

कमांडवर कॅपिटल '-टी' देऊन 'कॉर्ड' आणि 'ड्रम-स्नेअर' ही नावं स्वल्पविरामाने जोडली, की तेवढेच ट्रॅक तयार होतात. मूळ फाइल जशीच्या तशी. फक्त '-एफ'ने वेगळं नाव द्या, नाहीतर आधीच्या पूर्ण साथीवर नवी मिडी फाइल बसलीच म्हणून समजा! बास कायमचाच नको असेल तर मात्र फाइलच बदला. दरवेळी एवढी लांबलचक कमांड कोण टाइप करणार?