सॅमसंग फोल्ड ७ : रोज पीडीएफ वाचणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

फोल्डिंग फोन म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, मधे घडी दिसते का आणि पावणेदोन लाख फोनमधे कोण घालतं. दोन्हीची उत्तरं देते पण आधी मी हा फोन कशासाठी वापरते ते सांगते, कारण त्याशिवाय बाकीचं वाचून तुम्हाला काही ठरवता येणार नाही. माझं काम मराठी पुस्तकांची प्रुफं तपासायचं. पूर्वी कागदावर यायची, आता बहुतेक प्रकाशक पीडीएफ पाठवतात, आणि ती बसमधे, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, गॅसवर कुकर असताना अशी कुठेही वाचावी लागतात. गेमिंग आणि बेंचमार्क हवं असेल तर दुसरे रिव्ह्यू भरपूर आहेत, ते बघा.

फोन म्हणजे सॅमसंग गॅलेक्सी झेड फोल्ड ७, जुलै २०२५ मधे आलेला. भारतात लॉन्चच्या वेळी सुरुवातीची किंमत १,७४,९९९ रुपये होती, त्यात १२ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज.

आधी बंद फोनबद्दल, कारण खरी सुधारणा मला तिथेच वाटते. आधीचा फोल्ड ६ मिटल्यावर १२.१ मिमी जाड होता आणि वजन २३९ ग्रॅम. हा ८.९ मिमी आणि २१५ ग्रॅम. नुसते आकडे वाचून काही कळत नाही म्हणून सांगते, सॅमसंगचाच न घडी होणारा एस२५ अल्ट्रा २१८ ग्रॅमचा आहे, म्हणजे दोन स्क्रीन आणि बिजागरी असलेला फोन साध्या फोनपेक्षा हलका झालाय! २०१९ चा पहिला फोल्ड आठवत असेल तर तो मिटल्यावर १७ मिमीच्या आसपास होता, आणि विक्रीआधीच काही समीक्षकांच्या हातात स्क्रीन बिघडल्या म्हणून एप्रिलचं लॉन्च थेट सप्टेंबरवर गेलं. तिथून सहा वर्षांत इथपर्यंत येणं ही इंजिनिअरिंगची मोठीच गोष्ट आहे, आणि ज्यांनी ती बिजागरी केली त्यांचं मनापासून कौतुक वाटतं.

बाहेरची स्क्रीन आता ६.५ इंची आणि नेहमीच्या फोनसारख्या रुंदीची आहे. आधीच्या फोल्डची बाहेरची स्क्रीन अरुंद होती आणि मराठी टाइप करणाऱ्यांना तो त्रास जास्त, कारण देवनागरी कीबोर्डवर एका ओळीत इतकी बटणं असतात की ट आणि ठ मधे अंगठा चुकतोच. आता दोन-चार ओळींचा मेसेज फोन न उघडता बिनचूक लिहिता येतो. हे छोटं वाटेल पण आधीचे फोल्ड प्रत्येक गोष्टीसाठी उघडावे लागायचे आणि मग लोक कंटाळून उघडायचंच सोडून द्यायचे. हा बंद असताना पूर्ण फोन आहे, आणि उघडायचा तेव्हा उघडायचं काहीतरी कारण असतं.

आता आतली स्क्रीन. ८ इंच, जवळजवळ चौकोनी, रुंदी साधारण साडेतेरा सेंटिमीटर. मराठीतलं नेहमीचं डेमी आकाराचं पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचाचं असतं, म्हणजे रुंदी १४ सेंटिमीटर. बघा, किती जवळचं माप आहे! पीडीएफचं पान रुंदीला बसवलं की अक्षर जवळपास छापील आकारातच दिसतं, आणि समास थोडे कापले तर अगदी तेवढंच. हेच पान साध्या फोनवर बसवलं तर १२ पॉइंटचं अक्षर साडेपाच-सहा पॉइंटचं होतं, अनुस्वार उडालाय की नाही ते कळत नाही, ‘कि’ आणि ‘की’ मधली वेलांटी डोळे बारीक करून बघावी लागते, आणि रफार कुठल्या अक्षरावर बसलाय हा तर अंदाजच. मग झूम करा, ओळ संपेपर्यंत उजवीकडे सरकवा, परत डावीकडे या, पुढची ओळ शोधा. या सरकवासरकवीतच चुका सुटतात, वाचनाची लय तुटते ना. फोल्डवर झूम करावं लागत नाही. उंचीला मात्र पूर्ण पान मावत नाही, दोन-तृतीयांश दिसतं आणि एकदा वर सरकवावं लागतं, पण ते सरकवणं ओळीच्या मधे येत नाही त्यामुळे चालतं.

घडीबद्दल. हो, आहे. स्क्रीन बंद असताना उजेडात तिरकी धरली की मधे उभी रेघ दिसते, आणि वरून बोट फिरवलं की हलकीशी खोल जागा लागते. पण पांढऱ्या पानावर काळी अक्षरं समोरून वाचताना ती दिसत नाही, निदान माझं लक्ष जात नाही. वरचा पातळ थर मात्र स्क्रीनगार्ड समजून सोलू नका, तो स्क्रीनचाच भाग आहे. आणि नख लावून काही करायचं नाही, काच आत असली तरी ती केसासारखी बारीक आहे आणि वरचा थर मऊच आहे.

आता ज्याचं खरंच वाईट वाटतं ते. एस पेन काढून टाकलंय. फोल्ड ३ पासून ६ पर्यंत आतल्या स्क्रीनवर पेनने लिहिता यायचं, पेन वेगळं विकत घ्यावं लागायचं हे खरं पण सोय होती. त्यासाठी स्क्रीनखाली एक वेगळा थर लागतो, तो काढला म्हणून फोन इतका पातळ झाला. कंपनीचं गणित समजतं, बहुतेकांनी पेन घेतलंच नसेल. पण प्रुफं तपासणाऱ्याला, आर्किटेक्टला, पेपर तपासणाऱ्या प्राध्यापकांना एवढी मोठी स्क्रीन हातात देऊन पेन काढून घेणं मला पटत नाही. मिमीभर जाड चालला असता हो! आता चूक दिसली की बोटाने तो शब्द हायलाइट करायचा आणि कॉमेंट टाइप करायची. काम होतं, पण समासात काट मारून अक्षर घालायला जो एक सेकंद लागतो त्याची सर याला नाही. तुमचं काम पेनावरच चालत असेल तर हा फोन घेऊ नका, सरळ टॅब घ्या.

बॅटरीतही हात आखडता घेतलाय. ४४०० एमएएच, आणि हा आकडा फोल्ड ३ पासून म्हणजे २०२१ पासून तोच आहे. चार्जिंग २५ वॉट. त्याच जुलैत विवोचा एक्स फोल्ड ५ भारतात आला, त्यात ६००० एमएएच आणि ८० वॉट, वजन २१७ ग्रॅम आणि तेव्हाची किंमत १,४९,९९९. म्हणजे जागा नाही ही सबब चालणार नाही. सॅमसंगच्या बाजूने एवढंच की सात वर्षं अँड्रॉइड अपडेट मिळणार आहेत, आणि इतके पैसे घालणाऱ्याला ते महत्त्वाचं आहे.

आणि धूळ. याला आयपी४८ रेटिंग आहे, त्यातला ८ पाण्यासाठी, म्हणजे पावसात भिजला तर इतकं घाबरायचं कारण नाही. पण ४ चा अर्थ एक मिमीपेक्षा मोठे कण अडवले जातील, एवढाच. गुलाल, वाळू, रांगोळी, पीठ हे सगळं त्याहून बारीक! विसर्जन मिरवणुकीत हा फोन नेऊ नका, नेलात तर झिप असलेल्या पिशवीत ठेवा, आणि समुद्रावर वाळूत तर ठेवूच नका, कारण बिजागरीत कण गेला की तो आतून स्क्रीनवर दाबला जातो. धुळीतच काम असेल, साइटवर वगैरे, तर गुगलचा पिक्सेल १० प्रो फोल्ड बघा, त्याला आयपी६८ आहे, पण वजन २५८ ग्रॅम, हातात धरून तासभर वाचायला जड आहे.

कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा झालाय, आधी ५० चा होता. लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून नंतर आरामात वाचायला उत्तम. तीन पट झूमचा कॅमेरा मात्र १० मेगापिक्सेलचाच ठेवलाय. मागचा उंचवटा इतका आहे की टेबलावर सपाट ठेवून टाइप करायला गेलं की फोन डुगडुगतो. एआयमधलं मी फारसं वापरत नाही.

व्हिडिओसाठी घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, स्क्रीन चौकोनी असल्याने वर-खाली जाड काळ्या पट्ट्या येतात आणि चित्र साध्या मोठ्या फोनपेक्षा थोडंच मोठं दिसतं. ही स्क्रीन वाचण्यासाठी आहे, एक्सेलसाठी आहे, डावीकडे प्रूफ आणि उजवीकडे शब्दकोश उघडून ठेवण्यासाठी आहे. ई-पेपरचं पान उघडलं की मथळ्यांबरोबर पोटातल्या बातम्याही फारसं झूम न करता वाचता येतात, घरातल्या ज्येष्ठांना ते फार आवडतं.

पावणेदोन लाखांचं उत्तर माझ्यापुरतं असं, की वाचणं हेच ज्याच्या पोटापाण्याचं काम आहे आणि जो टॅब बरोबर बाळगत नाही त्याला हे पैसे वसूल होतात. बाकीच्यांनी निम्म्या पैशात चांगला फोन आणि चांगला टॅब दोन्ही घ्यावं, खरंच. घेणारच असाल तर ५१२ जीबीचा घ्या कारण मेमरी कार्ड टाकायची सोय नाही, आणि दुकानात आधी स्वतः पाच-सहा वेळा उघडून बघा, कडा इतक्या पातळ आहेत आणि चुंबक इतकं घट्ट धरतं की नखं कापलेली असतील तर बोट घालायला जागा शोधावी लागते, सगळ्यांच्या हाताला ते जमेलच असं नाही.