टिळकवाडीतील वीस दिवसांचा ड्रायव्हिंग क्लास आणि लाल दिव्यावरचे डावे वळण

वयाच्या 51 व्या वर्षी मी मोटार शिकायचे ठरवले, कारण खानापूरला राहणाऱ्या आईकडे आठवड्यातून दोनदा जावे लागते आणि प्रत्येक वेळी मुलाला रजा काढायला लावणे मला पटत नव्हते. पावसाळ्यापूर्वी टिळकवाडी परिसरातल्या एका क्लासमध्ये नाव घातले. क्लासचे नाव येथे देत नाही, कारण जी चूक मला तेथे आढळली ती त्या एकाच क्लासची नाही, हे ओळखीपाळखीत चौकशी केल्यावर लक्षात आले. बेळगावात गाडी शिकू पाहणाऱ्या कोणालाही क्लास पारखताना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

फी 6,000 रुपये, दररोज अर्धा तास, एकूण 20 दिवस. शिकाऊ परवान्याची ऑनलाइन कामे क्लासनेच करून दिली आणि तो मिळाल्यापासून 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्यासाठी अर्ज करता येत नाही, हेही आधीच स्पष्ट सांगितले. पहिले दहा दिवस तक्रारीला जागा नव्हती. व्हॅक्सिन डेपोच्या बाजूच्या शांत रस्त्यावर क्लच हळू सोडण्याचा सराव, मग शहापूर-वडगावच्या अरुंद गल्ल्या आणि त्यानंतर कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढणीवर थांबलेली गाडी मागे घसरू न देता पुन्हा उचलणे, हा क्रम विचारपूर्वक लावलेला होता. शिक्षक तिशीतला, शांत स्वभावाचा. गाडी कितीदाही बंद पडली तरी त्याने आवाज चढवला नाही.

अकराव्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास आम्ही काँग्रेस रोडकडच्या एका सिग्नलला आलो. दिवा लाल होता, मला डावीकडे वळायचे होते आणि मी पांढऱ्या रेषेच्या आत थांबले. ‘‘काकू, कशाला थांबालाय? लेफ्ट फ्री असतंय की,’’ शिक्षक म्हणाला. तेवढ्यात मागच्या रिक्षाचा हॉर्नही सुरू झाला. उजवीकडून येणाऱ्या वाहनांवर नजर ठेवून मी क्लच सोडला. डाव्या फुटपाथवरून एक आजी डोक्यावर मेथीची बुट्टी घेऊन झेब्रा पट्ट्यांवर उतरल्या होत्या. त्या मला दिसल्याच नाहीत. शिक्षकाने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. बंपर आणि आजींच्या लुगड्याचा काठ यांत हातभर अंतर उरले होते. बुट्टीतल्या दोन जुड्या रस्त्यावर पडल्या. आजींनी काही न बोलता त्या उचलल्या, हात दाखवून मला थांबवून ठेवले आणि पलीकडे गेल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक माझीच होती, कारण पाय माझा होता. पण माझी नजर उजवीकडेच का खिळली होती, याचा विचार करताना या वळणातला मूळ धोका ध्यानात आला. लाल दिव्यावर डावीकडे वळणाऱ्याला भीती असते ती उजवीकडून वेगाने येणाऱ्या वाहनांची, म्हणून मान उजवीकडे वळते आणि मोकळी फट दिसली की गाडी पुढे निघते. आपल्यापुढचे झेब्रा पट्टे ओलांडण्याची पायी चालणाऱ्याची हक्काची वेळ मात्र नेमकी आपला दिवा लाल असतानाचीच असते, आणि डाव्या फुटपाथवरून उतरणारा माणूस आपल्या पाठमोऱ्या बाजूने येतो. आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो, त्यामुळे काचेचा डावा खांबही मध्ये येतो. नवशिक्या हातांना हे सगळे एका क्षणात सांभाळायला लावणे योग्य नाही.

नियमाचे म्हणाल, तर डावीकडे जाण्याची मुभा देणारा फलक किंवा डावा हिरवा बाण जेथे आहे तेथेच वळता येते. एरवी लाल दिवा डावीकडे जाणाऱ्यालाही लालच असतो. लाल दिवा तोडणे हा 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये धोकादायक वाहन चालवण्याचा प्रकार म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. कायदा केंद्राचा आहे; निपाणीत जो आहे तोच पुढे कागलातही आहे. ‘आमच्याकडे चालतं’ हे वाक्य मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच सहजतेने ऐकू येते.

लाल दिव्यावर डावीकडे सरसकट वळू द्यावे, म्हणजे वेळ आणि इंधन वाचेल, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. अमेरिकेत तेलटंचाईनंतर 1975 च्या ऊर्जा कायद्याने याच कारणासाठी राज्यांना अशा वळणाकडे वळवले. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून त्यांचे उजवे वळण म्हणजे आपले डावे. पण तेथेही वळण्यापूर्वी पूर्ण थांबावे लागते, पुढच्या अभ्यासांत पादचारी आणि सायकलस्वारांचे अपघात वाढल्याचे आढळले, आणि न्यूयॉर्क शहरात फलक असल्याशिवाय असे वळण घेता येत नाही. मला जर्मनीची रीत अधिक पटते. पूर्व जर्मनीत 1978 मध्ये आलेली आणि 1994 मध्ये एकत्रित जर्मनीने स्वीकारलेली हिरव्या बाणाची पाटी चौक पाहून लावली जाते, आणि पाटी असली तरी आधी चाक पूर्ण थांबवावे लागते.

बेळगावातही जेथे डाव्या वळणासाठी दुभाजकाने वेगळी केलेली स्वतंत्र मार्गिका आहे, तेथे फलक लावून मुभा द्यायला माझी हरकत नाही. परंतु आपल्या बहुतेक चौकांत वळणाच्या दहा पावलांवर फळांचा गाडा, बसथांबा किंवा शाळेचे फाटक असते, आणि चंदगड-खानापूर भागातून बाजाराला आलेली माणसे ओझी घेऊन तेथूनच रस्ता ओलांडतात. अशा ठिकाणी ही मोकळीक देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या दिवशी मी क्लासच्या मालकांशी बोलले. ‘‘थांबलं तर मागचे हॉर्न मारून शिकणाऱ्याला घाबरवतात, म्हणून आम्ही घ्या म्हणतो,’’ असे ते म्हणाले. यावर मी सांगितले, की हॉर्न वाजत असताना शांतपणे थांबून राहणे हाच धडा आम्हाला हवा आहे. त्यांनी ते मनावर घेतले. पुढचे तीन दिवस मला केवळ सिग्नलांवर नेले; रेषेच्या आत थांबणे, फलक किंवा बाण आहे का ते पाहणे आणि वळताना आधी डावीकडच्या पट्ट्यांवर, मग उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे नजर टाकणे, हे त्याच शिक्षकाने न कंटाळता घोटून घेतले. चूक मान्य करून शिकवण्याची पद्धत बदलणारा क्लास विरळा, म्हणून पाचपैकी साडेतीन गुण देते. हे तीन दिवस सर्वांना पहिल्यापासूनच मिळू लागले, तर साडेचार देईन.

नाव घालणाऱ्यांना एक सूचना. सकाळी सहा-सातची तुकडी सोयीची वाटते, पण त्या वेळी बहुतेक ठिकाणी पिवळा दिवा नुसता लुकलुकत असतो आणि सिग्नलचा सराव होतच नाही. साडेनऊची वेळ मागून घ्यावी. क्लासवाले आधी नाही म्हणतात, आग्रह धरला की देतात.