धुळीआडच्या दीर्घिकेचं अंतर: कोणत्या प्रश्नाला कोणती पद्धत?

हवाई बेटांवरच्या मौना केआ पर्वतावर जेम्स क्लार्क मॅक्सवेल ही १५ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. १९९८ मध्ये तिने हबल डीप फील्डकडे, म्हणजे हबल अवकाश दुर्बिणीने बारकाईने टिपलेल्या आकाशाच्या एका लहान तुकड्याकडे, ८५० मायक्रॉन तरंगलांबीवर पाहिलं. त्या तुकड्यातला सगळ्यात तेजस्वी स्रोत नेमका असा निघाला, की हबलच्या प्रतिमेत त्याच्या जागी खात्रीने बोट ठेवावं असं काही सापडेना. त्याचं नाव एचडीएफ ८५०.१. आकाशाचा हा तुकडा तेव्हापासून अक्षरशः विंचरून काढला गेला, तरी या एका स्रोताचं नेमकं अंतर कळायला २०१२ उजाडलं. फाबियान वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बन मोनॉक्साइड आणि आयनीभूत कार्बन यांच्या वर्णरेषा (ठरावीक वारंवारतेवरच्या प्रकाशाच्या रेषा) पकडून त्याची रेडशिफ्ट, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला याचं आणि म्हणून अंतराचं माप, ५.१८३ असल्याचं दाखवलं. म्हणजे आपण पाहतो तो प्रकाश निघाला, तेव्हा विश्वाचं वय जेमतेम १.१ अब्ज वर्षं होतं.

अशा धुळीने झाकलेल्या, झपाट्याने तारे घडवणाऱ्या दीर्घिकांची यादी ज्यांच्या हातात आहे आणि त्यांची अंतरं कशी काढायची हे ज्यांना ठरवायचं आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. एम.एस्सी.चा प्रकल्प असो, पीएच.डी.चं पहिलं वर्ष असो किंवा दुर्बिणीच्या वेळेसाठी लिहायचा अर्ज असो. माझं मत आधीच सांगतो: सर्वांत अचूक पद्धत प्रत्येक वेळी लागत नाही. पण ती लागते तेव्हा तिच्यावाचून छापलेला आकडा पुढच्या दहा जणांची दिशाभूल करतो.

अंतराआधी जागा

एकाच मोठ्या तबकडीच्या सबमिलिमीटर (एक मिलिमीटरहून थोड्या कमी तरंगलांबीचा प्रकाश पाहणाऱ्या) दुर्बिणीची नजर ढोबळ असते. ८५० मायक्रॉनवर मॅक्सवेल दुर्बिणीचा एक ठिपका सुमारे १४ आर्कसेकंदांचा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) असतो आणि तेवढ्या वर्तुळात दृश्य प्रकाशातल्या कितीतरी दीर्घिका मावतात. चिलीतल्या एपेक्स दुर्बिणीने शोधलेले स्रोत अल्मा या तिथल्याच दुर्बिणींच्या जाळ्याने २०१३ च्या सुमारास जवळून पाहिले, तेव्हा त्यांतले किमान एक तृतीयांश स्रोत एकाहून अधिक दीर्घिकांचे निघाले. म्हणून इंटरफेरोमीटरने (अल्मासारख्या, एकत्र जोडलेल्या दुर्बिणींनी) जागा पक्की केल्याशिवाय पुढच्या कुठल्याच पद्धतीला हात घालू नये. शेजारच्याच दीर्घिकेचं अंतर अगदी अचूक मोजून ते आपल्या स्रोताच्या नावावर टाकण्याचा धोका इथे खराखुरा आहे.

दृश्य आणि जवळच्या अवरक्त प्रकाशाचे रंग

जागा कळली, की वेगवेगळ्या फिल्टरमधली तेजस्विता घ्यायची, तिच्यावर ताऱ्यांच्या प्रकाशाची प्रारूपं बसवायची आणि रेडशिफ्टचा अंदाज काढायचा. विदा (डेटा) बहुतेक आधीच उपलब्ध असते, नवीन निरीक्षण लागत नाही आणि शेकडो स्रोत एकदम हाताळता येतात. अल्माने पाहिलेल्या ७०७ सबमिलिमीटर दीर्घिकांचा २०२० मधला अभ्यास याच मार्गाने झाला. त्यात मध्यक रेडशिफ्ट सुमारे २.६ आली, ताऱ्यांचं वस्तुमान सूर्याच्या शंभर अब्ज पटींहून थोडं जास्त, आणि ताऱ्यांच्या निर्मितीचा वेग वर्षाला २०० ते २५० सूर्यांइतका. समूहाचं चित्र उभं करायला ही पद्धत उत्तम आहे.

अडचण धुळीचीच आहे. त्याच ७०७ पैकी सुमारे १७ टक्के दीर्घिका जवळच्या अवरक्त के पट्ट्यातही दिसल्या नाहीत, आणि बरेचदा आपल्याला हव्या असलेल्या सगळ्यात दूरच्या दीर्घिका याच असतात. शिवाय धुळीने आलेला लालपणा आणि प्रचंड अंतरामुळे आलेला लालपणा यांत रंगांची गल्लत होते. जेम्स वेब दुर्बिणीची पहिली चित्रं २०२२ मध्ये आली, तेव्हा सीअर्स-९३३१६ ही दीर्घिका रेडशिफ्ट १६ च्या आसपासची वाटली होती. २०२३ मध्ये तिचा वर्णपट घेतल्यावर रेडशिफ्ट ४.९ निघाली. धुळीचा लालपणा आणि फिल्टरमध्ये शिरलेल्या प्रखर उत्सर्जन रेषा यांनी मिळून तो आभास तयार केला होता. विश्वाच्या वयात बोलायचं तर पाव अब्ज वर्षांच्या जागी सव्वा अब्ज वर्षं झाली. त्याच क्षेत्रातल्या आणखी एका दीर्घिकेच्या बाबतीत सबमिलिमीटर विदा जोडल्यावरच रेडशिफ्ट ५ च्या जवळची आहे हे स्पष्ट झालं. जेम्स वेबच्या रंगांवरून अतिदूरचा उमेदवार हाती लागला, तर त्या जागी सबमिलिमीटर प्रकाश आहे का हे आधी पाहावं, असं मी आग्रहाने सांगेन.

धुळीचा स्वतःचा रंग

तारे दिसत नसले तरी तापलेली धूळ दिसते. तिच्या उष्णतेच्या प्रकाशाचं शिखर कुठे आहे त्यावरून अंतराचा अंदाज बांधता येतो. हर्शेल अवकाश दुर्बिणीने २००९ ते २०१३ या काळात २५०, ३५० आणि ५०० मायक्रॉनवर आकाशाचा मोठा भाग पाहून ठेवला आहे, त्यामुळे विदा हाताशी असते.

पण इथली खोट मूलभूत आहे. शिखराची जागा मिळते ती तापमान भागिले (१ + रेडशिफ्ट) या गुणोत्तरातून. ३० केल्व्हिनची धूळ रेडशिफ्ट २ वर, ४० केल्व्हिनची ३ वर आणि ५० केल्व्हिनची ४ वर असेल, तर तिघींचं शिखर आपल्याला एकाच ठिकाणी दिसतं. फिल्टर कितीही वाढवले तरी ही गाठ सुटत नाही, कारण तापमान आपण गृहीत धरलेलं असतं. रेडशिफ्ट ३ च्या आसपास एकेका दीर्घिकेसाठी अधिक-उणे १ एवढी चूक सहज होते.

चाळणी म्हणून मात्र या पद्धतीला तोड नाही. २५० पेक्षा ३५० आणि ३५० पेक्षा ५०० मायक्रॉनवर अधिक तेजस्वी असलेले स्रोत वेगळे काढले, की त्यांत दूरच्या दीर्घिकांचं प्रमाण वाढतं. एचएफएलएस३ ही रेडशिफ्ट ६.३४ ची दीर्घिका अशीच सापडली आणि २०१३ मध्ये जाहीर झाली. तिथेही अंतरावर शिक्का बसला तो वर्णरेषांमुळे.

रेडिओची साथ

तारे घडवणाऱ्या दीर्घिकांत दूरचं अवरक्त तेज आणि रेडिओ तेज एकमेकांशी घट्ट बांधलेलं असतं. अंतर वाढतं तसा रेडिओ प्रवाह (आपल्यापर्यंत पोचणारं तेज) झपाट्याने घटतो, तर ८५० मायक्रॉनवरचा प्रवाह साधारण रेडशिफ्ट १ ते ८ पर्यंत जवळजवळ तेवढाच राहतो. या दोहोंच्या गुणोत्तरावरून अंतर काढण्याची कल्पना ख्रिस कॅरिली आणि मिन युन यांनी १९९९ मध्ये मांडली.

अंतरमापक म्हणून आज ती पुरेशी नाही. मध्यभागी सक्रिय कृष्णविवर असेल तर रेडिओ तेज फुगतं आणि दीर्घिका आहे त्याहून जवळची भासते. शिवाय रेडशिफ्ट ३ च्या पुढे बहुतेक स्रोत रेडिओत दिसेनासे होतात. स्कॉट चॅपमन यांच्या गटाने २००५ मध्ये रेडिओवरून जागा ठरवून केक दुर्बिणीने ७३ दीर्घिकांचे वर्णपट घेतले आणि मध्यक रेडशिफ्ट २.२ आली. काम पायाभूत होतं, पण रेडिओच्या अटीमुळे दूरच्या दीर्घिका मुळात यादीतच आल्या नव्हत्या. तरीही जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची विदा ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ती बाजूला ठेवू नये. कमी वारंवारतेवरची मोजमापं असली, की रेडिओ वर्णपटाचा उतार गृहीत न धरता प्रत्यक्ष काढता येतो आणि कृष्णविवराचा संशयही तपासता येतो.

वर्णरेषा: खरा निकाल इथेच

कार्बन मोनॉक्साइडच्या (सीओ) रेषा ११५.२७ गिगाहर्ट्झच्या पटीत येतात, जवळपास समान अंतरावरच्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या. वायू तिथेच असतो जिथे तारे घडतात आणि या रेषांना धूळ अडवत नाही. दोन रेषा मिळाल्या की वाद संपतो.

एकच मिळाली तर काय होतं, ते जीएन१० च्या बाबतीत घडलं. या दीर्घिकेत ९१.४३ गिगाहर्ट्झवर एक रेषा दिसली होती. ती सीओ(४-३), म्हणजे शिडीची चौथी पायरी, मानून २००९ मध्ये रेडशिफ्ट ४.०४ ठरवली गेली, आणि ते तर्काला धरूनच होतं, कारण त्याच भागात ४.०५ वर दीर्घिकांचा एक समूह माहीत होता. पुढे अमेरिकेतल्या व्हेरी लार्ज अ‍ॅरेने ३० ते ३९ गिगाहर्ट्झमध्ये केलेल्या शोधात ३६.६ गिगाहर्ट्झवर आणखी एक रेषा मिळाली, आणि २०२० मध्ये रेडशिफ्ट ५.३०३ असल्याचं स्पष्ट झालं. आधीची रेषा सीओ(५-४), म्हणजे पाचवी पायरी होती. गणित घरी करून पाहा: चौथ्या पायरीच्या मूळ वारंवारतेला, ४६१.०४ ला, ९१.४३ ने भागलं की ५.०४ येतात, पाचवीच्या ५७६.२७ ला भागलं की ६.३०; त्यातून १ वजा केला की रेडशिफ्ट. दोन्ही उत्तरं तितकीच नीटनेटकी आहेत आणि रेषेच्या अंगावर तिचं नाव लिहिलेलं नसतं.

मग किती पट्टा पाहायचा? अल्माचा तीन मिलिमीटरचा पट्टा ८४ ते ११६ गिगाहर्ट्झ आहे. रेडशिफ्ट ३ च्या पुढे त्यात सीओच्या दोन रेषा, किंवा एक सीओ आणि एक उदासीन कार्बनची, अशी जोडी मिळण्याची चांगली शक्यता असते. ३ च्या खाली जवळजवळ नेहमी एकच सीओ रेषा येते, आणि १.७४ ते १.९८ या फटीत एकही नाही. म्हणजे बहुसंख्य धूळमय दीर्घिका जिथे आहेत, नेमक्या त्याच टापूत हा पट्टा एकटा अपुरा पडतो. फ्रेंच आल्प्समधल्या नोएमा या दुर्बिणींच्या जाळ्याच्या झी-गॅल सर्वेक्षणाने म्हणूनच तीनच्या जोडीला दोन मिलिमीटरचा पट्टाही घेतला आणि हर्शेलच्या १३७ तेजस्वी स्रोतांपैकी १३५ ची रेडशिफ्ट पक्की केली. तुमचा अंदाज ३ च्या खालचा असेल, तर अर्जात दोन्ही पट्टे मागा.

खर्चाचं गणित स्रोताच्या तेजावर ठरतं. दक्षिण ध्रुवावरच्या १० मीटर दुर्बिणीने शोधलेले स्रोत वाटेतल्या दीर्घिकांच्या गुरुत्वीय भिंगाने उजळलेले होते, त्यामुळे अल्माला प्रत्येकासाठी काही मिनिटं पुरली. २०२० मध्ये अशा ८१ स्रोतांची यादी पूर्ण झाली. मध्यक रेडशिफ्ट ३.९ आणि सगळ्यात दूरचा एसपीटी०३११-५८, रेडशिफ्ट ६.९. चॅपमन यांच्या २.२ शी हा विरोध नाही. लांब तरंगलांबीवर निवड केली आणि भिंगाची अट आली, की यादी दूरच्या बाजूला झुकते. साध्या, भिंग नसलेल्या स्रोताला मात्र कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ मिळवण्याची स्पर्धा कठीण असते.

आयनीभूत कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा सीओपेक्षा खूप प्रखर असते, पण ती शोधायला कुठे पाहायचं याचा अंदाज आधी लागतो. साधारण ४ ते ८ रेडशिफ्टच्या उमेदवारांसाठी ती उत्तम. २.५ च्या आसपास ती जिथे येते तिथे वातावरण बराच प्रकाश गिळतं. जेम्स वेबने हायड्रोजनच्या रेषा घेणं हा आता चांगला पर्याय झाला आहे, एचडीएफ ८५०.१ सुद्धा त्याला दिसते. फक्त धूळ जिथे विरळ आहे तिथलाच प्रकाश बाहेर येतो, त्यामुळे अंतर विश्वसनीय असलं तरी त्यावरून काढलेला तारानिर्मितीचा वेग अपुरा असू शकतो.

मग निवड कशी करायची?

तुम्हाला काय मोजायचं आहे त्यावर. धुळीचं वस्तुमान हवं असेल, तर ८५० मायक्रॉनचा प्रवाह अंतराने फारसा बदलत नाही, म्हणून रेडशिफ्टमधली चूक उत्तराला फार धक्का देत नाही. जीएन१० ची रेडशिफ्ट ४.०४ वरून ५.३ झाली तरी हा आकडा थोडाच हलतो. यासाठी अल्माकडे वर्णरेषांचा वेळ मागणं मला पटत नाही. तारानिर्मितीचा वेग हवा असेल, तर धुळीचं तापमान जास्त त्रास देतं, तेव्हा शिखराच्या दोन्ही बाजूंची मोजमापं आधी मिळवा. भिंगाखालच्या दीर्घिकेत वर्णरेषा अंतर बिनचूक देते, पण तेज किती पटींनी वाढलंय हे काढेपर्यंत तिचं वस्तुमान आणि तारानिर्मितीचा वेग हातात आलेले नसतात.

प्रश्न काळाचा किंवा शेजाराचा असेल, तर रेषांना पर्याय नाही. जीएन१० ला घडायला मिळालेला काळ सुमारे १.५ अब्ज वर्षांवरून १.१ वर आला. एवढ्या फरकाने दीर्घिकांच्या जडणघडणीची प्रारूपं अडचणीत येतात. एसपीटी२३४९-५६ मध्ये रेडशिफ्ट ४.३ वर डझनभराहून जास्त दीर्घिका एकमेकींना खेटून आहेत हे कळलं ते रेषांमुळे. रंगांवरून काढलेल्या रेडशिफ्टमधली ०.३ ची चूक त्या अंतरावर, आजच्या मापाने, ६० कोटी प्रकाशवर्षांहून जास्त खोलीची असते. तेवढ्या खोलीत समूह आहे की योगायोगाने एका रेषेत आलेल्या दीर्घिका, हे सांगता येत नाही.

भारतातून काम करणाऱ्यांनी नवीन वेळ मागण्याआधी अल्माचं संग्रहालय तपासावं. मूळ गटाचा राखीव काळ साधारण बारा महिन्यांचा असतो, नंतर विदा सगळ्यांना खुली होते. दुसऱ्याच कारणासाठी घेतलेल्या तीन मिलिमीटरच्या निरीक्षणात आपल्या स्रोताची रेषा पडून असू शकते. आणि स्वतःची यादी छापताना रेडशिफ्टशेजारी आणखी एक रकाना द्या: रंगांवरून, धुळीवरून, एका रेषेवरून की दोन रेषांवरून. एका रेषेवरची असेल तर ती रेषा कोणती मानली आणि दुसरी कुठल्या वारंवारतेवर शोधायला हवी, तेही त्याच ओळीत लिहा.