ठाण्याच्या नौपाड्यातलं आयकर रिटर्न भरून देणारं ऑफिस: कंपनीच्या 'गिफ्ट'चा हिशेब इथे नीट होतो

गोखले रोडवर रिटर्न भरून देणाऱ्यांच्या पाट्या पावलापावलावर दिसतात. बरेच जण फॉर्म 16 मधले (म्हणजे कंपनीने दिलेल्या पगार आणि कपात कराच्या दाखल्यातले) आकडे उतरवतात आणि मोकळे होतात. या छोट्या ऑफिसात मात्र सोबत फॉर्म 12बीए (पगाराव्यतिरिक्त कंपनीने दिलेल्या सोयी-भेटींचा तक्ता) आणि बँकेचं स्टेटमेंटही मागतात, कारण कंपनीचं 'गिफ्ट' कोणत्या रूपात आलं ते तिथेच कळतं.

आधी रोख बाजूला काढतात, आणि हेच बरोबर आहे. खात्यात 'दिवाळी गिफ्ट' म्हणून 10,000 जमा झाले, तरी त्यातला एक रुपयाही करमुक्त नाही, तो पगारच. गिफ्ट चेकचंही तसंच, आयकर खात्याच्या 2001 च्या परिपत्रकात ते स्पष्ट लिहिलंय. मग उरतात वस्तू आणि दुकानात चालणारी व्हाउचरं. 2025-26 साठी त्यांना 5,000 पर्यंत करसवलत आहे, पण ती दर सणाला नव्हे, अख्ख्या वर्षाला मिळून. घरच्यांच्या हातात दिलेलंही त्यातच मोजतात. दिवाळीचं 3,000 चं व्हाउचर, नववर्षाचं 2,000 चं घड्याळ, बायकोला दिलेला 1,500 चा हॅम्पर: एकूण 6,500, म्हणजे 1,500 करपात्र. वरचे 10,000 धरून 11,500. वीस टक्क्यांच्या टप्प्यात, करावरच्या 4 टक्के सेससकट 2,392 रुपये कर.

सगळ्यात जास्त घोळ लग्नाच्या आहेराचा होतो. 'लग्नात मिळालेलं सगळं माफ' असं लोक धरून चालतात. साहेबांनी स्वतःच्या खिशातून, ओळखीपोटी दिलं तर ते खरंच माफ. कंपनीच्या खात्यातून रोख आली तर ती नोकरीमुळे आलेली, म्हणून करपात्र. चेक कोणाच्या खात्याचा, हे इथे आवर्जून विचारतात. 2025-26 साठी नव्या करप्रणालीत जेवणाच्या कुपनांची सूट जाते, वस्तूरूप भेटीची राहते, हेही त्यांना पक्कं ठाऊक आहे.

कंपनीने सवलत न देता पूर्ण 6,500 पगारात धरले असतील, तर रिटर्नमध्ये परस्पर आकडा कमी करत नाहीत. फॉर्म 16 शी मेळ बसला नाही तर नोटीस येऊ शकते. म्हणून आधी कंपनीच्या पगार विभागाला मेल करून 24क्यू (कंपनी पगारावरच्या कपात कराचं दर तिमाहीला भरते ते विवरण) आणि फॉर्म 16 दुरुस्त करून घ्यायला लावतात.

खटकतं ते एकच: हिशेबाचा कागद आपणहून देत नाहीत, मागून घ्यावा लागतो. आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, कंपनीला दुरुस्ती करायला तेव्हा वेळच उरत नाही.